आमच्या सत्यनारायणावर पडलेली धाड

खोटं बोलायचं तर तयारीनिशी बोलावं, या मताची मी आहे. गॅसचं बटण तीनदा बघून मगच आडवी होणारी बाई मी. माझ्या योजनेत भोक राहणं शक्यच नव्हतं!

झालं असं. माझ्या नवऱ्याचा, शुभंकरचा, होस्टेलमधला मित्र हर्ष सिनेमे करतो. या वेळी तो एका खऱ्याखुऱ्या राजकीय दलालाचा चरित्रपट करत होता. म्हणजे मंत्र्यांच्या बंगल्यात मागच्या दाराने शिरून कुणाचंही कसलंही काम करून देणारा माणूस. हा दलाल म्हणे जन्मभर वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात साधेपणाने राहिला, आणि सोन्याच्या विटा तांदळाच्या डब्यात ठेवायचा! हर्षचं ठरलेलं घर ऐनवेळी हातचं गेलं आणि त्याला आमचं बंगळूरमधलं, मल्लेश्वरमचं घर आठवलं. वरचा मजला, भाड्याचं, डबाही मोठा. धाडीचाच प्रसंग, एका दिवसाचं काम.

अडचण घरमालकांची होती. नरसिंहराव अण्णा आणि सत्यवती अक्का खालीच राहतात. शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं घराणं; मराठी घरात अजून टिकून आहे, फक्त मध्येच कुठेतरी कन्नड उगवतं. एकदा कुणा जाहिरातवाल्यांनी अण्णांच्या पारिजातकाला दिवे बांधले आणि झाड जळलं. तेव्हापासून शूटिंग केलंत तर घर सोडायचं, अशी अटच त्यांनी करारात घातली आहे. करार पुढच्याच महिन्यात संपणार होता. आमची चार वर्षांची संहिता समोरच्याच शाळेत जाते. घर गेलं तर परत व्हाइटफील्ड, आणि पोर रोज दीड तास बसमध्ये. तिला बसमध्ये उलटी होते. या विचारानेच मला रात्री दचकायला होत होतं.

म्हणून मी अण्णांना सांगितलं, गुरुवारी सत्यनारायण आहे.

काय बिघडलं? तीस माणसांची येजा, दारात चपलांचा ढीग, कलकलाट, सगळ्याचा हिशेब लागत होता. त्यात अण्णा-अक्का त्या दिवशी लेकीकडे येलहंकाला जाणार होते. मी दाराला तोरण लावलं, वास खालपर्यंत जावा म्हणून साजूक तुपातला शिरा केला, आणि घर पडद्यावर दिसणार म्हणून आठवडाभर खिडक्यांच्या जाळ्या टूथब्रशने घासल्या.

विसरले ती एकच गोष्ट. सत्यनारायणाला आमंत्रण लागत नाही, आणि कानावर आल्यावर प्रसाद न घेता कुणी राहत नाही! वाढदिवस म्हटलं असतं तर अक्कांनी येलहंकाहूनच आशीर्वाद दिला असता. सत्यनारायण म्हटल्यावर त्या लेकीकडचं जेवण टाकून रिक्षा करून आल्या.

दार सताड उघडं. कॅमेरा आतल्या खोलीत, बाहेर नुसती तालीम चाललेली. अक्कांना दिसलं ते असं: देव नाही, चौरंग नाही. जाकिटं घातलेले चार धिप्पाड अधिकारी. एक जण आमच्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून सोन्याच्या विटा काढतोय. खुर्चीत पाठमोरा, शुभंकरसारखाच निळा शर्ट घातलेला माणूस डोकं धरून बसलाय. आणि कोपऱ्यात मी, शिऱ्याचं पातेलं पोटाशी धरून.

शूटिंग म्हणावं तर घर जातं. नाही म्हणावं तर डब्यातून विटा येताहेत! मी अक्कांच्या हातावर शिरा ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्या खाल्ला, डोळे मिटून नमस्कार केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"धीर धर गं. होतं असं मोठ्या घरांत."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी संहिताला अंगणात गाठलं. मी जिन्यातून कान लावून होते. आमची लेक कधी खोटं बोलत नाही, याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता.

"काकांनी तांदळातून सोनं काढलं," ती म्हणाली. "आणि बाबा म्हणाले, कुणाला सांगायचं नाही."

संध्याकाळी अण्णा वर आले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. मी मनात सामान बांधायला घेतलं. अण्णा खुर्ची ओढून बसले. मग हळूच म्हणाले, घराच्या कागदांची त्यांची एक फाईल तीन वर्षं कचेरीत अडकून पडलीय. शुभंकरने स्वल्प शब्द टाकला तर...

शुभंकर सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्वतःचा पासपोर्ट करताना त्याला ताप आला होता.

मला राहवलं नाही. "अण्णा, खरं सांगते. कालचं ते शूटिंग होतं."

अण्णा समजूतदारपणे हसले.

"सरी, सरी. बरोबर, शूटिंग," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन."

जाताना करार तीन वर्षांनी वाढवल्याचं सांगून गेले. असली माणसं साधीच राहतात, हेही वर म्हणाले. मला आनंद करावा की रडावं कळेना. त्यात पुढच्याच आठवड्यात ती फाईल आपली आपण सुटली! आम्ही काही केलं नव्हतं, देवाशपथ. पण अण्णा बदामी आंब्यांची करंडी घेऊन आले, आणि त्यांच्यामागोमाग गल्ली आली. कुणाला नळ हवा, कुणाला बदली. शुभंकर "मी बघतो" म्हणायला लागला. मी त्याला खडसावलं, तर म्हणतो, नाही म्हटलं की लोक दोनदा येतात.

मी वाट बघत होते ती सिनेमाची. पडद्यावर नट दिसला, की आपोआप उलगडा होईल आणि करार तर आता झालेलाच आहे! लागला त्याच शनिवारी मी स्वतः तिकिटं काढली आणि अण्णा-अक्कांना मध्ये बसवलं.

पहिलीच पाटी आली: एका खऱ्या माणसाच्या आयुष्यावर आधारित. आणि लगेच आमचा सोफा. आमचा पडदा. फ्रिजवर संहिताने काढलेला हत्ती.

अण्णा सावकाश शुभंकरकडे वळले. "परवानगी घेतली होती ना रे तुझी? नाहीतर आपण केस टाकू."

मी अक्कांकडे आशेने पाहिलं. निदान बायकोचं काम करणारी नटी माझ्यासारखी दिसत नाही, एवढं तरी त्यांच्या लक्षात येईल! अक्का पडद्यावरच्या आमच्या घराकडे टक लावून बघत होत्या. मग माझा हात थोपटत माझ्या कानाशी लागल्या.

"सगळं खरंखरं दाखवलंय गं," त्या म्हणाल्या. "फक्त घर तुझं एवढं आवरलेलं कधी नसतं."