काटेअप्पांची हरवलेली वही

एका जंगलात एके सकाळी असं दाट धुकं पडलं होतं, बाळांनो, की आपलंच शेपूट आपल्याला दिसू नये. तरी तिथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत होता. कोण कसा शिंकतो, कोणाचं पाऊल कसं उमटतं, सगळं सगळ्यांना ठाऊक.

तिथे काटेअप्पा नावाचे एक म्हातारे साळिंदर राहायचे. ते रहस्यकथा लिहायचे. त्यांची इच्छा एवढीच, की डोळे मिटायच्या आत एकदा तरी कोणी अधीर होऊन विचारावं, “मग चोर कोण?”

पाणवठ्यावर सगळे जमले. अप्पांनी नवी कथा वाचायला घेतली. “भोपळा नाहीसा झाला. चिखलात पावलं होती...”

“डुकरदाजींची!” टिटवी ओरडली.

“अगं बाई, थांब जरा. कथा आहे ही.”

तोवर रानडुक्कर मान खाली घालून उठलंच. “नेला होता, अप्पा. पण अर्धाच खाल्ला. तुम्ही अख्खा का लिहिलात?”

झालं. कथा दोन ओळींत संपली. याआधीच्या एकवीस अशाच संपल्या होत्या.

टिटवीला वाईट वाटलं. “अप्पा, इथे गुन्हा टिकायचा नाही. तुम्ही आपले शहरात जा.”

अप्पा वही घेऊन शहरात गेले. तिथे एका टेकडीत बिळांचे सात मजले. प्रत्येक दारात पायपुसणं. जो तो पाय पुसून आत शिरे आणि दार लावून घेई. पाऊल म्हणून कुठे उमटायचं नाही! अप्पा हरखले आणि तिथल्याच एका बिळात राहिले. तीन वर्षं खपून त्यांनी कथा पुरी केली. ऐकायला कोणी मिळतंय का, म्हणून जरा बाहेर डोकावून आले, तर वही गायब!

कोणी नेली? अप्पांनाही कळेना. असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी शेजारच्या मुंगसाचं दार ठोठावलं.

“माझी रहस्यकथा चोरीला गेली हो!”

मुंगसानं दार बोटभर उघडलं. “अरेरे! मग चोर कोण?”

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “पुन्हा एकदा म्हणता का?”

मुंगसानं त्यांना पायांपासून काट्यांपर्यंत न्याहाळलं.

तात्पर्य: रहस्यकथा लिहायची तर मोठं शहरच गाठावं, बाळांनो. तिथे चोर शेवटपर्यंत सापडत नाही. ज्याचं चोरीला गेलं, तोही कोणाला सापडत नाही. तीन वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेलं मुंगूस दार लावता लावता अप्पांना म्हणालं, “ते राहू द्या. आधी सांगा, तुम्ही कोण?”