रोज नवा व्हिडिओ, रोज नवा शर्ट

"रोज एक व्हिडिओ! रोज म्हणजे रोज! सूर्य चुकेल, पण मी चुकणार नाही!"

टेलर मास्तरांनी ही घोषणा थेट कॅमेऱ्यासमोर केली, त्यामुळे ती मागे घ्यायची सोय उरली नाही. शिवणकाम शिकवणारं त्यांचं चॅनल नुकतंच बाळसं धरू लागलं होतं. मुलगी म्हणालीही, "बाबा, आठवड्याला एकच टाका. झेपेल तेवढंच ठरवावं माणसानं."

"आयुष्यभर मशीन चालवलं, एक चॅनल चालवता येणार नाही?" मास्तर गरजले.

बायकोनं मात्र कात्री खाली ठेवली. "चालवा. पण गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली, तर चॅनल बंद! आधी दुकान, मग तुमची नाटकं."

झालं! पहिल्याच आठवड्यात मास्तरांना कळून चुकलं की व्हिडिओला बसलं की शिलाई राहते आणि शिलाईला बसलं की सूर्य चुकतो. मग त्यांच्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचे व्हिडिओ एकदम काढून ठेवायचे आणि मोबाइलला सांगायचं, रोज सकाळी एकेक सोड बाबा!

पण रोज तोच शर्ट दिसला तर पितळ उघडं पडणार. मास्तरांकडे धड शर्ट दोनच, त्यातही एकाला बटण नाही. दुनियेला नटवणाऱ्याचं स्वतःचं हे असंच असतं! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या दांडीवर गिऱ्हाइकांचे तयार कपडे, इस्त्री करून, ओळीनं लटकत होते. घरात कोणी नव्हतं. आणखी काय हवं?

औषधवाल्याचा चौकड्यांचा शर्ट घालून त्यांनी काजं कशी करायची ते शिकवलं. व्यायामशाळेच्या सरांचा तंग शर्ट चढवून, पोट आत ओढून, श्वास रोखून चेन बसवायला शिकवलं. शेवटी हात गेला बँकेतल्या साहेबांच्या कोटाकडे. साहेब निवृत्त होणार होते आणि निरोप समारंभासाठी हा खास कोट शिवला होता. साहेब म्हणजे काडी, मास्तर म्हणजे भरलेलं पोतं. पण मोह वाईट!

सोमवारी सकाळीच औषधवाला दारात उभा. "मास्तर, माझा शर्ट तुम्हाला फार शोभतो हो!"

"काय म्हणतायत ते?" आतून बायकोचा आवाज.

"शिलाई आवडली म्हणतायत!" मास्तरांनी त्याला शर्ट देऊन कसंबसं वाटेला लावलं. पण आता त्यांची चांगलीच टरकली. तेवढ्यात कोट घालून बघायला खुद्द साहेब आले आणि कोट घेऊन पडद्याआड गेले. कोटाचा व्हिडिओ तर आठवड्याच्या शेवटी सुटणार होता! मास्तरांनी घाईघाईनं मोबाइल काढला. 'काढून टाक, काढून टाक' म्हणत अंगठा दाबला.

पडद्याआड टिंग वाजलं.

साहेब या चॅनलचे एकनिष्ठ प्रेक्षक! मास्तरांनी व्हिडिओ काढून टाकला नव्हता, ठरल्या दिवसाऐवजी आत्ताच सोडला होता. पाठोपाठ पडद्यामागून त्यांचाच आवाज आला, "नमस्कार मंडळी! आज आपण खिसा लावायला शिकू..."

बायकोचं मशीन थांबलं.

पडदा सरकला. अंगात कोट, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये त्याच कोटात मास्तर! साहेबांचे कान लाल झाले होते. "मास्तर, हा काय प्रकार आहे? माझा कोट तुमच्या..."

तेवढ्यात मोबाइलमधून आवाज आला, चर्रर्र! खिसा दाखवायला मास्तरांनी हात उचलला होता आणि कोट काखेत उसवला होता. कॅमेरा चालूच राहिला होता. मास्तरांना कापाकापी येते ती फक्त कापडाची, व्हिडिओची नाही! व्हिडिओत ते सवयीप्रमाणे स्वतःचं पोट सोडून दोऱ्याला शिव्या देत होते. "दोराच कच्चा! आता दुहेरी टाका घालतो, मग बघू कसा उसवतो!"

साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच आपला हात वर केला. आणखी वर. गोल फिरवला. काखेतला टाका जागचा हलला नाही.

"म्हणजे भाषणात मी हात उंचावला असता, तर सगळ्या बँकेसमोर..." साहेबांनी मास्तरांचा हात घट्ट धरला. "मास्तर, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कपडा स्वतःच्या अंगावर ताणून बघता तुम्ही?"

मास्तरांनी पापणीही लवू दिली नाही. "आठवड्याला एक कपडा निवडतो, साहेब. नियमच आहे. त्याचाच व्हिडिओ."

"आठवड्याला एकच!" बायकोनं तिथल्या तिथे शिक्कामोर्तब केलं. मुलगी तर घरी येऊन पोट धरून हसली. समारंभात साहेबांनी दोन्ही हात उंचावून मास्तरांचं नाव घेतलं, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुकानापुढे रांग लागली. तक्रार एकाचीही नाही! जो तो म्हणे, "मास्तर, या आठवड्याला माझा कपडा!" मास्तर खुर्चीत राजासारखे बसले होते. "गर्दी करू नका! ज्याचा नंबर पहिला, त्याचाच कपडा घालणार. शब्द म्हणजे शब्द!"

रांगेत पहिल्या उभ्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. त्यांनी पिशवीतून गुलाबी फुलाफुलांचा, झालरीचा गाऊन काढून टेबलावर ठेवला.

"काखेत नीट ताणून बघा हं, मास्तर," बाई म्हणाल्या. "आमची अख्खी शाळा बघणार आहे."