बेरीज सांगणारे हवालदार आबा

नव्वदच्या दशकात मी अंथुर्ण्याच्या डेअरीत सेक्रेटरी होतो. रोज सकाळी सातला फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आबा आमच्या भोंग्यावरून गरजायचे, "म्हादबा, गेनबा, बेरीज सात. ओव्हर."

बस्स, एवढंच. अर्धं गाव डोकं खाजवायचं.

म्हादबा आणि गेनबा सख्खे भाऊ. बोलणं बंद, पण विहीर आणि मोटार सामाईक. आपण किती तास पाणी घेणार हे दोघंही दूध घालायला आले की आबांच्या कानात सांगायचे. आबा नुसती बेरीज जाहीर करायचे. ज्यानं त्यानं आपले तास वजा केले की उरले ते भावाचे.

"सरळ आकडे सांगा की," मी म्हणायचो.

"फौजेत दोन चौक्यांच्या मधी माझा वायरलेस सेट. ह्याचा निरोप त्याला, त्याचा ह्याला. दोनदा बोललं की बॅटरी उतरायची, वर दुश्मन ऐकायचा. मग दोनी निरोप मिसळून एकदाच सोडायचो. आपापलं वजा करा आन् दुसऱ्याचं घ्या."

"इथं दुश्मन कोण?"

"गाव," आबा शांतपणे म्हणाले.

लष्करानं त्यांना असं खरंच करू दिलं का, देव जाणे. घरी आबा एकटे. तिथं बोलायला फक्त रेडिओ, आणि तोही ऐकून घेत नसे.

एकदा ऐन उन्हाळ्यात म्हादबाऐवजी त्याची बायको दूध घेऊन आली. आबांच्या कानाशी काहीतरी बोलून गेली. आबा म्हणाले, "बेरीज तीन. ओव्हर."

गेनबा दारातच थबकला. "तीन तर माझंच हायत," तो पुटपुटला. ऊस करपत असताना भावानं पाणीच घेतलं नाही? किटली तिथंच ठेवून तो भावाच्या घराकडं सुटला. म्हादबाची कंबर धरली होती. त्याला उठता येईना. त्या दिवशी गेनबानं आधी भावाचा ऊस भिजवला.

"तुम्हाला ठाऊक होतं. सांगायचं की त्याला," मी आबांना म्हणालो.

"आपलं आपुन काढलं की पटतं, सेक्रेटरी."

पुढं दोघं भाऊ बोलतच डेअरीत यायला लागले. बेरजेचं काम संपलं. आबा मात्र सातला यायचे, माइक पुसायचे आणि बसून राहायचे.

आठवड्यानं त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. "गावात आनखी कुणाचं बोलणं बंद झालंय का वो?"

मी जरा विचार केला आणि माझं नि शेजारच्या पाटीलमास्तरांचं नाव सांगितलं. आमचं तसं काही वाकडं नव्हतं. मास्तरांना तेवढं आधी जाऊन समजावून ठेवावं लागलं.