स्मृती अपुरी पडत आहे

गुरुबसप्पांना फसवणारा माणूस उदगिरात अजून जन्मला नव्हता. असं गुरुबसप्पाच सांगायचे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची तुरीची आडत. पोत्यावरून नुसता हात फिरवून आतल्या मालात खडे किती ते सांगत, आणि माणसाकडं नुसतं बघून त्याच्या पोटात काय आहे तेही. सख्ख्या भावानं नमस्कार केला तरी 'यानं आज नमस्कार का केला?' याच विचारात त्यांचं जेवण उरकायचं.

असा माणूस लातूरपासून वेगळा उदगीर जिल्हा मागणाऱ्या कृती समितीचा सचिव झाला, मग काय बोलता! ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि इकडं लोक म्हणत होते, आपला जिल्हा वेगळा असता तर आपल्यालाही आपली रेल्वे मिळाली असती. रविवारी विभागाचे मोठे साहेब समितीचं निवेदन घ्यायला येणार होते. साहेब पुन्हा कधी येतील याचा नेम नव्हता, म्हणून हा कार्यक्रम पार पडणं म्हणजे गुरुबसप्पांच्या इज्जतीचा सवाल होता. कार्यक्रम ठरला होता 'स्मृती'त. 'स्मृती' म्हणजे बसलिंगप्पा स्मृती मंगल कार्यालय. एवढं लांब नाव घ्यायला तोंडाला पाणी कुठून आणायचं, म्हणून सारं गाव नुसतं 'स्मृती' म्हणायचं.

समितीचा कंप्युटर आडतीच्या मागच्या खोलीत होता. दिला होता गुरुबसप्पांच्या मेव्हण्यानं, सिद्धेश्वरनं. त्याचं लातुरात कंप्युटरचं दुकान. घेताना गुरुबसप्पांनी एकच अट घातली होती, "आतलं समदं मराठीत पाहिजे. ज्याची भाषा कळंना त्याच्यावर माझा भरवसा न्हाई." सिद्धेश्वरनं डोकं खाजवत खाजवत सगळं मराठीत करून दिलं.

कार्यक्रमात साहेबांना कोरड्या विहिरींचे फोटो दाखवायचे होते. गुरुबसप्पा एकेक फोटो उघडून बघत होते. बघून झालेला फोटो बंद करायचा असतो, पण ते काही त्यांच्या स्वभावात बसेना. नजरेआड केला आणि कुणी बदलला तर? म्हणून तालुक्यातल्या समद्या विहिरी त्यांनी एकदमच उघड्या ठेवल्या. आणि पडद्यावर चौकट आली : 'स्मृती अपुरी पडत आहे.'

त्यांनी समितीच्या अध्यक्षांना, शेषेरावांना, बोलावून घेतलं.

"हे वाचा."

"अपुरी पडत आहे?" शेषेरावांची कळी खुलली. "म्हणजे लई गर्दी येणार म्हणा की. स्मृतीत मावणार न्हाई."

"पण लिहिलं कुणी?"

"कुणी का लिहिना. आपलाच माणूस असंल."

गुरुबसप्पांना शक आला होता, पण गर्दीचं नाव निघालं की भल्याभल्यांचा शक ढिला पडतो. त्यांनी 'स्मृती' रद्द केलं आणि शाळेचं उघडं मैदान घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा आली. या वेळी मजकूर वाढला होता : 'स्मृती अत्यंत अपुरी आहे. नुकसान टाळण्यासाठी चालू कार्यक्रम बंद करा.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'.

शेषेराव मटकन पोत्यावर बसले. "ही तर धमकी हाय."

"आणि खाली बघा. 'ठीक आहे' म्हणून आपल्याकडूनच कबूल करून घेऊन राहिलेत."

"दाबू नका हं. दाबलं की सही केल्यागत झालं."

"दाबतो कशाला! आता मला सांगा, कंप्युटर दिला कुणी? लातूरच्यानं. जिल्हा फुटला तर नुकसान कुणाचं? लातूरचं. तिकडं दुकानात बसून लिहून राहिला माझा मेव्हणा."

तावातावानं घरी आले, तर बायको शिवकांता स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. "रविवारीच या समदे. यांना आधी कळलं तर बंद पाडतील, सिद्धू. हे मैदानावर गेले की उरकून घेऊ."

गुरुबसप्पा दाराआडूनच मागं फिरले. साऱ्या जगावर शक घेतला, पण शिवकांताच्या हातची भाकरी कधी उलटून पाहिली नव्हती. आता घरातच लातूर निघालं! त्यांना खरंच फार वाईट वाटलं. रात्री जेवले नाहीत. "पोट बरं न्हाई," म्हणाले, आणि ती ओवा घेऊन आली तर तोही त्यांनी हुंगून ठेवून दिला.

रविवारी कंप्युटर टेंपोत घातला आणि मैदानापर्यंत त्याला कवटाळून बसले. गर्दी म्हणाल तर समितीची माणसं, मंडपवाला आणि सावलीला आलेली काही म्हातारी मंडळी. 'स्मृती'चा व्हरांडासुद्धा भरला नसता. पडदा दिसावा म्हणून चहूबाजूंनी काळं कापड लावलेलं, आत भट्टी पेटलेली. साहेब रुमाल पिळत होते. गुरुबसप्पांनी एक विहीर उघडली, दुसरी उघडली, बंद एकही केली नाही. आठ-दहा गावं झाली असतील, तोच भल्यामोठ्या पडद्यावर भलीमोठी अक्षरं उमटली : 'नुकसान टाळण्यासाठी चालू कार्यक्रम बंद करा.'

मंडपातल्यांनी वाचलं आणि चपला शोधायला लागले. साहेबांनी वाचलं आणि त्यांच्या तोंडावर कळा आली. "बरं झालं, आपणच सुचवलंत. या उन्हात माणसं आजारी पडायची. मला देगलूरही गाठायचंय."

"साहेब, निवेदन तरी..."

तोवर जीप सुटली होती. गुरुबसप्पा निवेदन हातात धरून फाटकापर्यंत पळाले आणि जीपची सगळी धूळ अंगावर घेऊन उभे राहिले.

तसेच घरी गेले. कट करणारे सगळे अंगणातच सापडले. सासू, सासरे, मेव्हणी, पोरंटोरं, एक सासू सोडली तर सगळ्यांची डोकी ओली. सिद्धेश्वर टॉवेल गुंडाळून न्हाणीतून बाहेर येत होता.

"नमस्कार, दाजी."

"कार्यक्रम बंद पाडलास आणि नमस्कार घालून राहिलास?" त्यांनी पडद्यावरची सगळी धमकी पाठ म्हणून दाखवली.

सिद्धेश्वर कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. "दाजी, ते मी न्हाई लिहिलं. कंप्युटरच सांगत होता. स्मृती म्हणजे मेमरी, कार्यक्रम म्हणजे प्रोग्रॅम. मराठी तुमीच करायला लावली. फोटो किती उघडे ठेवले होते?"

"समदे."

"चार बंद केले असते तर भागलं असतं."

गुरुबसप्पा शिवकांताकडं वळले. "आणि माझ्यापासून लपवून काय उरकायचं होतं?"

"अंघोळी," ती म्हणाली. "लातुरात कितीक दिवस झाले, बिचाऱ्यांच्या अंगाला पाणी न्हाई. आपल्या बोअरला अजून थोडं हाय. तुमाला सांगितलं असतं तर हौदाला कुलूप घातलं असतं तुमी."

घातलं असतं. धुळीनं माखलेले गुरुबसप्पा न्हाणीत शिरले, दोन तांबे अंगावर घेतले, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि डोळे मिटून तांब्या चाचपायला लागले. तेवढ्यात बाहेरून शिवकांताचा आवाज आला.

"अहो, पाणी अपुरं पडून राहिलंय. अजून आईची अंघोळ व्हायचीय. चालू कार्यक्रम बंद करा."

साबण डोळ्यांत उतरला होता. गुरुबसप्पा म्हणाले, "ठीक आहे."