किलोमीटर चौदा ते सतरा

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात निरंकरावांनी दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल घरी आणली, पण ती पूर्णपणे घरात येईना. पुढचं चाक स्वयंपाकघरात पोहोचलं तरी मागचं चाक शेजाऱ्यांच्या पायपुसण्यावर होतं. बाईंनी गॅस बंद केला, ओल्या हातांनी हँडल धरलं आणि मागच्या सीटवर कोण बसणार आहे, असं विचारलं.

"तू," निरंकराव म्हणाले.

निरंकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कालवा खात्याच्या दप्तरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. कालव्यावरून दर महिन्याला येणारे अहवाल नोंदवायचे आणि ज्या तुकड्यात काही बिघाड नसेल त्याच्यापुढे 'निरंक' असा शेरा मारायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की नाव त्यांना चिकटलं. प्रत्यक्ष कालवा त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. पाहायची गरजही नव्हती, कारण तो त्यांना तोंडपाठ होता. बाई म्हणजे त्यांची पत्नी. त्या प्राथमिक शाळेतून त्यांच्या वर्षभर आधी निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीत अजून सगळे त्यांना बाईच म्हणत.

खरं म्हणजे सायकल हे निमित्त होतं. आता कुठे नवराबायकोला एकमेकांसाठी वेळ मिळणार, तर नेमक्या त्याच महिन्यात बाईंनी सकाळी वाचनालय, दुपारी बागकाम आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांची शिकवणी लावून घेतली. निरंकरावांना आठवड्यातला एक दिवस हवा होता, फक्त दोघांचा. हे तोंडाने सांगणं त्यांना जमण्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी सायकल आणली.

बाईंनी बराच विचार करून अट घातली. रविवारी त्या येतील, पण रस्ता सपाट हवा. एकही चढ लागला तर सायकल त्याच संध्याकाळी त्यांच्या धाकट्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात जाईल. दाराशी उभी करून तिच्यावर पाटी टांगायची, असं भावाने सायकल पाहिल्यापासूनच मनात धरलं होतं.

निरंकरावांनी सायकलस्वारांसाठीची माहितीपुस्तिका आणली. गावाजवळच्या डोंगराळ भागातल्या तलावांभोवतीच्या आठ वाटा तिच्यात होत्या, आणि एक सोडली तर सगळ्या डोंगर चढून जाणाऱ्या. उरलेली वाट वरच्या तलावापासून कालव्याच्या काठाने निघत होती, पण नकाशात ती चौदाव्या किलोमीटरला संपत होती. कालवा तर बावीस किलोमीटर, थेट खालच्या तलावापर्यंत. छापखान्याचा हलगर्जीपणा, असं म्हणून निरंकरावांनी राहिलेले आठ किलोमीटर पेन्सिलने आखून टाकले.

"डोंगरात सपाट रस्ता?" बाई म्हणाल्या.

"पाणी कधी चढ चढतं का?"

शिवाय चौदा ते सतरा हा तुकडा म्हणजे कालव्याचा दागिना आहे, असं निरंकरावांनी सांगितलं. एकतीस वर्षांत तिथून एक तक्रार नाही. भराव खचला नाही, झाड आडवं झालं नाही, कुणाचं जनावरसुद्धा पाण्यात पडलं नाही.

एकदा रस्ता सपाट ठरल्यावर बाकीची तयारी ओघाने आलीच. गिअरचं ओझं कशाला, म्हणून ते काढायला निरंकराव मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, "काका, डोंगराचा भाग आहे, राहू द्या." निरंकरावांनी त्यालाही पाण्याबद्दलचा प्रश्न विचारला. त्याने मुकाट्याने गिअर काढून पिशवीत घालून दिले. जेवणाचे डबे बरोबर वागवण्यातही अर्थ नव्हता. भावाने ते मोटारीने खालच्या तलावावर घेऊन यायचं ठरलं. बरोबर एक वाजता भेट. भावाने डब्यांबरोबर दोरीचं एक मोठं भेंडोळंही मोटारीत टाकलं. कशाला, ते त्याने सांगितलं नाही आणि निरंकरावांनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी दोघं वरच्या तलावापासून निघाले. पुढे निरंकराव, मागे बाई. वाट खरोखर तळहातासारखी सपाट होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला संथ पाणी, आणि वारा पाठीवर. निरंकरावांना आयुष्यात प्रथमच आपलं दप्तर डोळ्यांनी दिसत होतं, आणि ते बोलायला लागले. तिसऱ्या किलोमीटरला पाणी सोडायच्या दारात एकदा गाय अडकली होती आणि त्याचा पत्रव्यवहार सात महिने चालला. पाचव्याला भरावातून गळती लागली तेव्हा दोन अभियंत्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं.

"अहो, मी काय म्हणत होते..." बाईंनी सुरुवात केली.

"एक मिनिट, सहावा येतोय. सहाव्याची तर गंमतच आहे."

नवव्याला बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, पण नवव्याची फाईल जाड होती. अकराव्यानंतर त्यांनी नाद सोडला आणि नुसतं पायडल मारत राहिल्या.

चौदाव्या किलोमीटरला कालवा डोंगरात शिरला. वळून बाजूने गेला नाही, सरळ आत शिरला. दगडी कमानीखालच्या अंधारात पाणी निवांत चाललं होतं आणि काठची वाट एका लोखंडी कठड्याशी संपली होती. शेजारच्या खोलीबाहेर कालव्याचा पहारेकरी स्टुलावर बसला होता. खोलीच्या मागून एक खडकाळ पायवाट डोंगरावर गेली होती, ती मान वर केल्याशिवाय पुरती दिसत नव्हती.

"वाट कुठे गेली?" निरंकरावांनी विचारलं.

"तीन किलोमीटर बोगदा आहे. पाणी आतून जातं, माणसं वरून जातात."

"पण इथली एकही तक्रार नाही."

"आत जाऊन बघणार कोण? मी दर महिन्याला फोनवर 'निरंक' सांगून मोकळा. पण पलीकडे बसलेला माणूस फार सज्जन. इतक्या वर्षांत एकदा उलटून विचारलं नाही."

"तो मीच," निरंकराव म्हणाले.

पहारेकरी लगबगीने उठला आणि त्याने आपलं स्टूल पुढे केलं. निरंकराव बसले. सायकल गेली, हे त्यांना कळून चुकलं. आणि सायकलबरोबर रविवारही गेले, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बाईंकडे बघायचा त्यांना धीर होईना.

बाईंनी मात्र हिशेबीपणाने विचार केला. मागे चौदा किलोमीटर, पुढे आठ. काठच्या वाटेवर मोटार येत नाही. आणि डबे पुढे आहेत. "उठा," त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा त्यांनी सायकल चालवून पाहिली. गिअर नसल्यामुळे ती चार हात वर गेली आणि तितकीच मागे आली. मग दोघं उतरले आणि ढकलायला लागले, निरंकराव हँडलला आणि बाई मागून. पहिल्या वळणाला निरंकरावांना कालव्याच्या खोदाईबद्दल काहीतरी आठवलं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून नुसता श्वास बाहेर पडला. शाळेच्या चार मजल्यांचा जिना तीस वर्षं दिवसातून सहा वेळा चढलेल्या बाईंना धाप लागली नव्हती.

"तर मी सकाळपासून काय म्हणत होते..." बाईंनी सुरुवात केली.

"हं," निरंकराव म्हणाले.

बाई बोलत राहिल्या. शाळेचं बोलल्या, भावाचं बोलल्या. शाळा सुटल्यावर रिकामं घर कसं अंगावर यायचं, ते बोलल्या. दुसऱ्या वळणाला त्यांनी सांगितलं की निरंकराव निवृत्त होणार हे कळलं तेव्हा त्या मनातून धास्तावल्या होत्या. आता हा माणूस दिवसभर आपल्याला कालवा सांगणार! शिकवणी त्या भीतीनेच घेतली होती; मुलांची त्यांना तशी काही हौस उरली नव्हती. निरंकरावांना यावर बरंच म्हणायचं होतं, पण हवेची टंचाई होती. ते पुन्हा "हं" म्हणाले. माथ्यावर पोहोचल्यावर दोन्ही तलाव एकदम दिसले. बाईंनी निरंकरावांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोघं सायकल धरून पलीकडे उतरायला लागले.

खालच्या तलावावर पोहोचायला तीन वाजले. भाऊ मोटारीला टेकून उभा होता आणि दोरी सोडून तयार ठेवलेली होती.

"काय भाऊजी, लागला का चढ?"

"लागला," निरंकराव म्हणाले. खोटा शेरा त्यांनी जाणूनबुजून कधीच मारला नव्हता. "तीन किलोमीटर." एवढं बोलून त्यांनी स्वतःच सायकल मोटारीपर्यंत नेली.

"दोरी ठेव रे आत," बाई म्हणाल्या. "डबे काढ."

"ताई, अट तुझीच होती."

"होती. आता बदलली." बाईंनी एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने माहितीपुस्तिका उघडली. एकेका वाटेवरून बोट फिरवत त्या सर्वांत खडकाळ वाटेशी थांबल्या. "पुढच्या रविवारी ही. दोन डोंगर आहेत."

निरंकरावांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. ते म्हणाले, "मग मी उद्याच जाऊन गिअर बसवून घेतो."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी भावाच्या दुकानात सायकलऐवजी गिअरची पिशवी गेली.