न्यायशिला कलत नसते

युफ्रेटिसकाठच्या एका नगरात राजाने कायदे कोरलेली काळी शिला उभारली आणि ती बेल्तानीच्या गुत्त्यावर कलली. बेल्तानी तिथेच जवाची दारू विके आणि तिथेच झोपे. मुहूर्त टळू नये म्हणून शिलेचा पाया ओल्या मातीतच उरकला होता.

त्या शिलेवरच एक कलम होते: भिंत कलली असल्यास मोहल्ल्याने मालकाला ताकीद द्यावी, तरीही ती पडून कोणी मेल्यास मालकाला देहदंड. बेल्तानीने शिलारक्षक नूरातुमला गाठले.

"कारभारी, तुमचा कायदा माझ्या डोक्यावर पडायला आलाय. काहीतरी करा की!"

"शिलेचे मालक कोण?"

"महाराज."

"मग महाराजांना ताकीद तू देणार?"

"मी कशाला? मोहल्ल्याचे वडीलधारे आहेत ना! काय हो, उबारकाका?"

उबारकाकांना एकाएकी कांद्याला पाणी द्यायचे आठवले.

नूरातुम कामचुकार नव्हता. त्याने वर विचारणा केली. उत्तर आले: न्यायशिला कलत नसते, कलले असेल ते नगर. सबब सर्व रहिवाशांनी आपापल्या भिंती शिलेच्या रेषेत आणाव्यात. भिंत सरळ आहे का ते दाखवणारे गवंड्यांचे ओळंबे राजद्रोही ठरवून जप्त करण्यात आले. लोक आधी कुरकुरले, मग भिंती पाडून तिरक्या बांधू लागले. सर्वांत आधी बांधली ती उबारकाकांनी. त्यांना लगोलग मोहल्ल्याचे प्रमुख नेमण्यात आले.

"बेल्तानी, तूही पाड बाई ती भिंत. चारचौघांसारखं राहावं माणसानं," काका म्हणाले.

"काका, उद्या ती धोंड आली तर हीच भिंत मला वाचवणार. पाडली की मी मेलेच!"

"मी आपलं सांगायचं काम केलं."

बेल्तानी फार घाबरली होती, पण भिंतीला तिने हात लावू दिला नाही. पूर आला, माती खचली आणि शिला कोसळली. भिंत टिकली. शिलेचे दोन तुकडे झाले. बेल्तानी जिवंत बाहेर आली आणि लगेच पकडली गेली.

नूरातुमने आरोप वाचला. आरोपीची भिंत रेषेबाहेर होती. मोहल्ल्याने रीतसर ताकीद दिली होती. त्या भिंतीवर आपटून राजाचा कायदा मोडला.

"पण कलमात माणूस मेला तर, असं आहे! मेलं कोण?" बेल्तानी ओरडली.

"कायदा हा सजीव आहे. सबब तो मयत झाला, असे गृहीत धरण्यात येत आहे."

तिने साक्षीदाराकडे पाहिले. "काका, देवाशपथ सांगा, वाकडं कोण होतं?"

काका हळहळले. माणूस मुळात वाईट नव्हता. "पोरी, माझ्या दारातून तरी तुझीच भिंत वाकडी दिसायची."

तिला हातपाय बांधून नदीत सोडले. काठावर तोबा गर्दी होती आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

वाचकहो, तुम्ही तिथे असता तर गप्प बसला नसतात, याची मला खात्री आहे. त्या संध्याकाळी घरी जेवताना प्रत्येक जण बायकोला हेच सांगत होता, की कोणीतरी पहिला बोलला असता तर मीही बोललो असतो.