नुसतं बसायला या

"एकोणीस," रंजनाताई म्हणाल्या आणि त्यांनी तापमापक नरहररावांच्या चष्म्यासमोर धरला. "काल साडेएकोणीस होतं."

नरहरराव बिदरकरांनी चौतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. तापमापक दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर धरायची त्यांना सवय होती, स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून घ्यायची नव्हती. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन वाचला, पुन्हा वाचला. एकोणीसच होतं.

रंजनाताई म्हणजे त्यांच्या सुनेची, मानसीची आई. राहणार दादर. रीतीप्रमाणे मानसीचं पहिलं बाळंतपण मुंबईला व्हायचं होतं, तिकिटंसुद्धा काढून झाली होती. पण ईशाने तीन आठवडे आधीच यायचं ठरवलं आणि ती तारनाक्यात जन्मली. मग रंजनाताईच डिंकाच्या लाडवांचे दोन डबे घेऊन हैदराबादला आल्या. ईशा आता पाच आठवड्यांची होती आणि अजून मूठभरच होती. "खोली चोवीसच्या खाली जाऊ देऊ नका," असं डॉक्टर सांगून गेले होते.

आता हैदराबादचं घर बांधलेलं असतं ते उन्हाळ्यासाठी. उंच छत, छताखाली झरोके, पायाखाली शहाबादी फरशी. मे महिन्यात त्या फरशीवर आडवं झालं की बांधणाऱ्याला दुवा द्यावासा वाटतो. जानेवारीत तीच फरशी पायाला डसते. त्यातून ईशाची खोली उत्तरेची.

नरहररावांच्या मुलाने, अजयने, गेल्याच आठवड्यात हीटर आणला होता. त्याने बटण दाबलं मात्र, फ्रिजसकट सगळं घर गप्प झालं आणि प्लग काळा पडला. पण त्या घराचं वायरिंग नरहररावांनी अठ्ठ्याऐंशी साली स्वतः उभं राहून करून घेतलेलं. त्यामुळे चूक वायरिंगची असणं शक्यच नव्हतं.

"महिनाभराच्या थंडीसाठी दोन हजार वॉट जाळायचे, याला अडाणीपणा म्हणतात," असा निकाल त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात दिला आणि हीटर परत गेला.

आज मात्र रंजनाताईंनी निकाल दिला. "रविवारी सकाळी सात वाजता चोवीस दिसलं नाही, तर संध्याकाळच्या गाडीने मी दोघींना घेऊन जाते. होळी झाली की पाठवते परत."

नरहररावांनी मनातल्या मनात हिशेब केला. होळीपर्यंत ईशा हसायला लागलेली असेल. म्हणजे पहिलं हसणार ती दादरला. रोज सकाळी चहाच्या आधी ते पाळण्यापाशी जात, बोट पुढे करत आणि ती ते घट्ट धरून ठेवी. या वयात इतकी कोणाची गरज वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती. "चोवीस होईल," ते म्हणाले. "हीटरशिवाय होईल."

मंगळवारपासून घरात विज्ञान सुरू झालं. झरोक्यांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे बसले. फरशीवर दोन सतरंज्या आणि त्यांवर लग्नातला गालिचा आला. बायकोच्या, निर्मलाबाईंच्या जुन्या साड्यांची लांब गुंडाळी करून ती दाराच्या फटीला लागली. "अहो, ही माझी नारायणपेठ आहे," त्या म्हणाल्या. पण तोवर नारायणपेठ कामाला लागलेली होती. सकाळी गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, चार वाजता गरमागरम गुंडाळून खाली आणायच्या आणि ईशाच्या खोलीच्या भिंतींना टेकवून उभ्या करायच्या. गुरुवारी सकाळी तापमापक साडेएकवीसवर गेला. खर्च शून्य.

निर्मलाबाई बघतच राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं विज्ञान घराच्या उपयोगी पडताना त्या पहिल्यांदा पाहत होत्या. पण साडेएकवीस म्हणजे चोवीस नव्हे. शुक्रवारीही साडेएकवीसच राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलनीतल्या पाच जणी तिळगूळ घेऊन ईशाला बघायला आल्या. तासभर बसल्या, नाक आजोबांवर गेलंय की आजीवर यावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि गेल्या. नरहररावांनी सहज तापमापक पाहिला. तेवीस.

त्यांनी तो पुन्हा वाचला. जी गोष्ट चौतीस वर्षं फळ्यावर लिहिली ती त्यांना आज दिसली होती. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉट उष्णता देतो. ना वायर लागते, ना प्लग. आपण आयुष्यभर ज्यांना टाळत आलो ती सगळी माणसं म्हणजे चालत्याबोलत्या शेगड्या होत्या, या विचाराने ते थक्क झाले. आठ-दहा माणसं शनिवारी दिवसभर बसवली तर भिंती तापतील, आणि भिंती तापल्या की रविवारची सकाळ आपली.

त्यांनी डायरी काढली. पहिला फोन मागच्या गल्लीतल्या एकनाथरावांना.

"उद्या घरी या."

"काय काम काढलं?"

"काम काही नाही. नुसतं बसायला या."

एकनाथरावांना ऐकण्यात चूक झालीशी वाटली. नरहररावांच्या घरी जाऊन बसलेला माणूस तारनाक्यात शोधून सापडला नसता. एकनाथराव आणि ते वीस वर्षं सकाळी बरोबर फिरत होते. फाटकाशी आले की नरहरराव "बरंय" म्हणत आणि कडी लावून घेत.

"किती वेळ बसू?" एकनाथरावांनी जपून विचारलं.

"जमेल तितका. मुक्कामाला राहिलात तरी हरकत नाही. वहिनींनाही आणा."

"उद्या जरा परेशानी आहे हो. पुढच्या आठवड्यात येऊ का?"

"रविवारनंतर येऊन काही उपयोग नाही," नरहरराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. अजून दहा जण व्हायचे होते.

एकनाथराव रेल्वेतून निवृत्त झालेले. थोड्या खुणांवरून मोठा अंदाज बांधायची त्यांना सवय. महिन्यापूर्वी त्यांनी नरहररावांना दवाखान्याच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसलेलं पाहिलं होतं. ते मानसीच्या बाळंतपणासाठी बसले होते, हे एकनाथरावांना ठाऊक नव्हतं. आठवडाभर हा गृहस्थ फिरायलाही आला नव्हता. आणि आता म्हणतो, नुसतं बसायला या, रविवारपर्यंतच या.

"नरहरचं काही खरं नाही," ते बायकोला म्हणाले आणि त्यांनीही डायरी काढली.

शनिवारी सकाळी नऊपासून माणसं यायला लागली. ईशाच्या खोलीचं मोठं दार हॉलमध्ये उघडत असे. नरहररावांनी ते सताड उघडून हॉलभर सतरंज्या पसरल्या होत्या. बाळाच्या काळजीने रंजनाताई व्हरांड्यातल्या नळाशी साबण आणि मास्क घेऊन बसल्या होत्या. हात धुतल्याशिवाय त्या कोणाला आत सोडत नव्हत्या. तो दवाखान्यासारखा बंदोबस्त पाहून ज्यांच्या मनात थोडी शंका होती त्यांचीही गेली.

आलेला माणूस नरहररावांचा हात दोन्ही हातांत धरी, काही बोलत नसे आणि खाली बसे. नरहररावांना हे फार आवडलं. ते वजनाचा अंदाज घेऊन एकेकाला जागा देत होते. "एकनाथराव, तुम्ही इकडे, दाराजवळ. वहिनी, तुम्हीही. कुलकर्णी, तुम्ही बारीक आहात, मागे बसा." दर अर्ध्या तासाने ते स्वतः चहा फिरवत होते. कोणी उठू लागलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते. "थांबा ना थोडं. तुम्ही आहात म्हणून बरं चाललंय."

हे ऐकून कुलकर्णींना बाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं.

दुपारी एक पोट सुटलेला माणूस आला आणि एकदम पाया पडला. "सर, मी रितेश. गौलीगुड्यात भांड्याचं दुकान हाय माझं. तुम्ही मला दोनदा फेल केलते."

"तीनदा," नरहरराव म्हणाले.

"हौ सर, तीनदा." रितेशचे डोळे भरून आले. "तुम्ही फेल केले म्हणून तर मी दुकानात बसलो. आज जे काय हाय ते तुमच्यामुळंच हाय. सकाळी ऐकलो तसं शटर पाडून आलो."

काय ऐकलं, हे विचारायला नरहररावांना सवड नव्हती. रितेश चांगला शंभर किलोंचा होता. त्याला त्यांनी पाळण्याच्या सगळ्यात जवळची जागा दिली. तापमापक चोवीस दाखवत होता.

चार वाजता दारात गिरीश उभा राहिला. नरहररावांचा धाकटा भाऊ. चिक्कडपल्लीहून तारनाक्याला यायला अर्धा तास लागतो. गिरीशला चार वर्षं लागली होती. त्याच्या एकसष्टीच्या भाषणात तो म्हणाला होता की वडिलांची बदली निजामाबादला चौऱ्याहत्तर साली झाली. नरहरराव समोरच्या रांगेतून उभे राहून म्हणाले होते, त्र्याहत्तर. तेव्हापासून बोलणं बंद होतं. त्याला आज फोनही केलेला नव्हता.

"त्र्याहत्तरच होतं, दादा," गिरीश म्हणाला आणि त्याने नरहररावांना मिठी मारली. लहानपणानंतर ही पहिलीच. "रिपोर्टात नेमकं काय आलंय, ते तरी सांग."

"कसले रिपोर्ट?"

"माझ्यापासून लपवू नको. एकनाथरावांनी सगळं सांगितलंय. रविवारपर्यंतच मुदत दिलीय म्हणे."

नरहररावांनी हळूच मान वळवून हॉलकडे पाहिलं. सतरंज्या भरून माणसं पायऱ्यांपर्यंत पोचली होती. कोणी डबे आणले होते, कोणी अंगारा आणला होता. ज्याचा पेपर आपण कोरा म्हणून परत केला तोही होता. सकाळपासून आपण यांची वजनं मोजत होतो आणि हे आपल्यासाठी रडत होते. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त नवल वाटलं. इतक्या माणसांच्या आयुष्यात आपण होतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ते हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "ऐका. मला काहीही झालेलं नाही."

हॉलमध्ये हुंदका फुटला. "बघा, हिंमत बघा," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी नरहररावांना धरून खुर्चीत बसवलं. निर्मलाबाई आणि अजय शपथेवर सांगू लागले, तर लोकांना त्यांचीच जास्त कीव आली. बिचाऱ्या घरच्यांना अजून पत्ताच नाही, असं सर्वानुमते ठरलं. संध्याकाळपर्यंत सव्वीस झालं. ईशाने दुपटं लाथाडून दिलं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

एकनाथराव, रितेश, गिरीश आणि आणखी सहा जण मुक्कामाला राहिले. रविवारी सकाळी सात वाजता रंजनाताईंनी तापमापक वाचला. पंचवीस. त्यांनी तो खुंटीला अडकवला. नरहररावांना त्यांनी मागच्या अंगणात बोलावलं.

"मी तिकिटं रद्द करायला सांगितलीत," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "अशा वेळी नातीला तुमच्यापासून तोडायचं पाप मी करणार नाही. ईशा इथेच राहील."

जे हवं होतं ते मिळालं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. पण समोर चूक दिसत असताना गप्प राहणं नरहररावांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांना रडूच आलं.

"विहीणबाई, मी खरंच ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी माणसं बोलावली ती खोली तापवायला. एका माणसाचे शंभर वॉट असतात. बाकीचं एकनाथरावांनी मनाने लावलं. ही माणसं गेली की परत साडेएकवीस होईल. तुम्हाला न्यायचं असेल तर न्या."

रंजनाताई पायरीवर बसल्या. आतून रितेशच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"काल मी त्रेसष्ट माणसांना हात धुवायला लावले," त्या म्हणाल्या. "एकाने कुरकुर केली नाही. माझ्या दादरच्या घरात थंडी नाही हो. पण दिवसातून एकदा बेल वाजते, तीसुद्धा कुरिअरवाल्याची. मी दार उघडेपर्यंत तो लिफ्टमध्ये असतो. मानसीचे बाबा गेले तेव्हा तेरा दिवस आली माणसं. तुमच्याकडे तर तुम्ही धडधाकट असताना आलीत." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पोरीला कुठे ऊब मिळेल ते मला कळतं. तिला इथेच राहू दे. मीही थांबते होळीपर्यंत."

नरहररावांना सुचलं ते नेहमीसारखं गैरसोयीचंच सुचलं. "पण खरं कळल्यावर ही माणसं उद्यापासून येणार नाहीत."

"मग कळवायचं कशाला?"

"म्हणजे?"

"थंडी अजून किती दिवस आहे?"

"वीस."

"वीस दिवस आजारी राहायला काय होतं तुम्हाला?"

पुढच्या दारावरची बेल वाजली. व्हरांड्यातून नवीन माणसांचे दबके आवाज आले. रंजनाताई उठल्या, दोरीवरची निर्मलाबाईंची शाल त्यांनी ओढून काढली आणि नरहररावांच्या खांद्यांवर टाकली.

"चला. आणि जरा खोका."

नरहरराव खोकले.

"असं नाही," रंजनाताई म्हणाल्या आणि त्यांनी खोकून दाखवलं.